श्वात्सर दोनदा पकडला गेला, एवढे म्हणून भागत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उत्तेजकांच्या बातम्यांत इटलीच्या ॲलेक्स श्वात्सरचे नाव अधूनमधून येते आणि बहुतेक वेळा एका ओळीत उरकले जाते: चालण्याच्या शर्यतीतला ऑलिंपिक विजेता, दोनदा पकडला गेला, आठ वर्षांची बंदी भोगली. यात खोटे काही नाही. पण २०१२ मध्ये त्याने गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल केला होता, आणि २०१६ च्या प्रकरणात क्रीडा लवाद एक सांगतो तर इटलीचे न्यायालय नेमके त्याच्या उलट. ही दोन प्रकरणे एकाच ओळीत कोंबली की तालुक्याच्या मैदानावर पहाटे चालण्याचा सराव करणाऱ्या मुलामुलींपर्यंत त्यातली कामाची गोष्ट पोहोचतच नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबवतो आहोत.

आधी त्याची योग्यता सांगायला हवी. श्वात्सर दक्षिण टायरोलचा, आल्प्सच्या कुशीतल्या राचिनेस परिसरातला. २००५ ला हेलसिंकी आणि २००७ ला ओसाका अशा लागोपाठ दोन जागतिक स्पर्धांत त्याला ५० किलोमीटर चालण्यात कांस्यपदक मिळाले. २२ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये त्याने हेच अंतर ३ तास ३७ मिनिटे ९ सेकंदांत कापले. तो ऑलिंपिक विक्रम होता. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा जारेड टॅलेंट २ मिनिटे १८ सेकंद मागे राहिला. हिशेब मांडला तर किलोमीटरमागे सुमारे ४ मिनिटे २० सेकंद पडतात. या वेगाने दहा किलोमीटर पळतानाही हौशी धावपटूची दमछाक होते. श्वात्सर पन्नास किलोमीटर चालला.

चालला म्हणजे नियमाने चालला. एक पाऊल तरी जमिनीला टेकलेले पंचांच्या उघड्या डोळ्यांना दिसले पाहिजे. पुढे पडणारा पाय टाच टेकल्यापासून शरीर त्यावर उभे येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्डे लिहिली की स्पर्धक बाद होतो किंवा, जिथे दंड-क्षेत्राची सोय असते तिथे, थांबून वेळ गमावतो: २० किलोमीटरला दोन मिनिटे, ५० ला पाच. या शर्यतीत रक्तातल्या प्राणवायूला इतकी किंमत का, ते इथे कळते. पस्तीस किलोमीटरनंतर मांड्या आणि कंबर थकतात, गुडघा मऊ पडू लागतो, पाऊल आधी उचलले जाते आणि कार्डे त्याच टप्प्यावर निघतात. तेव्हा ज्याच्या स्नायूंना प्राणवायू पुरतो त्याचा वेग टिकतोच, पण मुख्य म्हणजे चालण्याची पद्धत टिकते. लाल रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, घेणाऱ्याला या खेळात दुहेरी लाभ होतो तो असा. रशियातल्या सारान्स्क केंद्रात व्हिक्टर चेगिन या प्रशिक्षकाच्या हाताखालचे वीसहून अधिक चालणारे एकामागून एक अडकले आणि चेगिनवर आजन्म बंदी आली, त्यामागेही हेच गणित होते. लंडन ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटर जिंकणाऱ्या सर्गेई किर्द्याप्किनचे सुवर्ण २०१६ मध्ये काढून घेतले गेले आणि टॅलेंटला ते चार वर्षे उशिरा, घरच्या गावकऱ्यांसमोर नव्हे पण निदान मायदेशी, मेलबर्नला मिळाले.

आता २०१२. मार्चमध्ये लुगानोला श्वात्सरने २० किलोमीटर १ तास १७ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करून इटलीचा विक्रम केला. ३० जुलैला, लंडनची शर्यत जेमतेम दोन आठवड्यांवर असताना, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, माणसांनी त्याचा नमुना घेतला आणि त्यात ईपीओ सापडले. पत्रकार परिषदेत तो रडला, पण लपवले काही नाही. आदल्या सप्टेंबरात तुर्कस्तानात अंताल्याला जाऊन पंधराशे युरोंत औषध घेतल्याचे त्याने सांगितले. ईपीओ २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे लागते, म्हणजे ते फ्रीजमध्येच राहणार. ती कुपी जीवनसत्त्वाची आहे असे तो मैत्रिणीला सांगत असे. ही मैत्रीण कॅरोलिना कोस्टनर, इटलीची नामवंत फिगर स्केटर. तपासनीस दारात आला तेव्हा श्वात्सर घरात नाही असे ती बोलली, आणि त्या एका खोट्यापायी पुढे तिच्यावरही बंदी आली. आजूबाजूच्या माणसांना हे कसे भोवते, ते आपल्याकडच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी नीट वाचावे. तपासनिसाला खोटे सांगणे हादेखील नियमभंगच आहे.

कमी मात्रेत घेतलेले ईपीओ लघवीत फार वेळ राहत नाही. काही तासांपासून जेमतेम एक-दोन दिवसांपर्यंत ते सापडते. त्यामुळे आधीच्या चाचण्या निर्दोष आल्या यावरून काहीच सिद्ध होत नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून २००९ पासून खेळाडूचा जैविक पासपोर्ट ठेवतात. त्यात औषध शोधत नाहीत, औषधाने शरीरात काय केले ते वर्षानुवर्षांच्या नोंदींतून पाहतात: हिमोग्लोबिन किती, आणि नव्या लाल पेशींचे, म्हणजे रेटिक्युलोसाइट्सचे, प्रमाण किती. ईपीओ चालू असताना नव्या पेशी वाढतात. थांबवले की हिमोग्लोबिन वरच राहते आणि नव्या पेशी एकदम घटतात. एका नमुन्यात न दिसणारी गोष्ट अशा दहा नमुन्यांच्या आलेखात दिसते.

पहिल्या प्रकरणात वाद नाही. साडेतीन वर्षांची बंदी झाली, नंतर तीन महिने वाढली. आमच्या मते ती योग्यच होती.

एप्रिल २०१५ मध्ये श्वात्सर सांद्रो दोनाती यांच्याकडे गेला. इटलीतल्या क्रीडा संघटनांच्या आतला उत्तेजक-व्यवहार दोनाती यांनी दशकानुदशके उघडा पाडला होता. अशा माणसाने एका कबुलीजबाब दिलेल्या खेळाडूला हाताशी धरणे हीच मोठी बातमी होती. आगाऊ न कळवता रोमच्या रुग्णालयात रक्त तपासले जाईल या अटीवर सराव सुरू झाला. डिसेंबर २०१५ मध्ये बोल्झानोच्या न्यायालयात श्वात्सरने इटालियन महासंघाच्या डॉक्टरांविरुद्धच्या खटल्यात साक्ष दिली. १ जानेवारी २०१६ ला, नववर्षाच्या सकाळी, राचिनेसच्या घरी त्याचा लघवीचा नमुना घेण्यात आला. ८ मे ला रोममध्ये जागतिक सांघिक स्पर्धेत तो ५० किलोमीटर ३ तास ३९ मिनिटांत जिंकला. टॅलेंट दुसरा होता, आणि बंदीतून परतलेल्या माणसाशी शर्यत लावावी लागल्याची नाराजी त्याने लपवली नाही. टॅलेंटची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्या वाट्याची पदके एकदा नव्हे, अनेकदा दुसऱ्यांच्या सुईने हिरावली होती.

मग जूनमध्ये श्वात्सरला कळवण्यात आले की जानेवारीचा तो नमुना दोषी आहे. कोलोनच्या प्रयोगशाळेने पहिल्या तपासणीत तो निर्दोष ठरवला होता. पासपोर्टमध्ये स्टिरॉइडच्याही नोंदी असतात, त्या जुळेनात म्हणून तो पुन्हा, कार्बनच्या समस्थानिकांच्या पद्धतीने तपासला गेला आणि कृत्रिम टेस्टोस्टेरॉन निघाले. ही पद्धत भक्कम आहे. औषधी टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनते. त्यातल्या कार्बन-१३ चे प्रमाण माणसाच्या शरीरात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनपेक्षा कमी असते, आणि तो फरक यंत्राला दिसतो. नमुन्यात बाहेरचे टेस्टोस्टेरॉन होते याविषयी कोणी फारसा वाद घालत नाही. वाद आहे तो ते बाटलीत कुठून आले याचा. रिओमध्येच सुनावणी झाली, १० ऑगस्ट २०१६ ला क्रीडा लवादाने निकाल दिला. दुसरा गुन्हा म्हणून चाराची दुप्पट, आठ वर्षे. १ जानेवारीपासूनचे सगळे निकाल रद्द झाले आणि रोमचे विजेतेपद टॅलेंटकडे गेले.

यापुढचा भाग बातम्यांत येतच नाही. इटलीत उत्तेजक घेणे हा फौजदारी गुन्हाही आहे, त्यामुळे बोल्झानोत स्वतंत्र तपास सुरू झाला. न्यायालयाने बाटलीतली लघवी मागितली. किती शिल्लक आहे, किती द्यायची, कुणी न्यायची यावर महिनोन् महिने ओढाताण झाली आणि अखेर २०१८ मध्ये ती पार्मातल्या काराबिनिएरी पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचली. दोन्ही बाटल्यांतला डीएनए श्वात्सरचाच निघाला. पण प्रमाण विचित्र होते. ए आणि फेरतपासणीसाठी राखलेली बी या बाटल्या एकाच भांड्यातून, एकापाठोपाठ भरल्या जातात. तरी बी मधले डीएनएचे प्रमाण ए च्या अडीचपटीहून जास्त आले. शिवाय लघवीतला डीएनए साठवणीत कालांतराने झडत जातो. दोन वर्षांहून जुन्या नमुन्यात तो इतका उरलाच कसा, हे पाहण्यासाठी तज्ज्ञांनी स्वयंसेवकांचे आणि खुद्द श्वात्सरचे नवे नमुने घेऊन तुलना केली. त्यातून समाधानकारक नैसर्गिक कारण सापडले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसरा मुद्दा नमुन्याच्या प्रवासाचा. न्यायालयासमोर आले ते असे: नमुना थेट प्रयोगशाळेत गेला नाही. नमुने गोळा करणाऱ्या कंपनीच्या स्टुटगार्टमधल्या कार्यालयात तो रात्रभर होता, आणि त्या जागेच्या किल्ल्या एकाहून अधिक माणसांकडे होत्या. तिसरा मुद्दा नावाचा. प्रयोगशाळेला खेळाडू कोण ते कळू नये म्हणून बाटलीवर फक्त सांकेतिक क्रमांक असतो. इथे सोबतच्या कागदावर नमुना घेतल्याचे ठिकाण म्हणून ‘राचिनेस’ लिहिलेले होते. एवढ्याशा गावात आंतरराष्ट्रीय दर्जाचा चालणारा दुसरा कोण असणार?

१८ फेब्रुवारी २०२१ ला न्यायाधीश वॉल्टर पेलिनो यांनी, श्वात्सरने हे कृत्य केलेले नाही असे कारण देत, प्रकरण बंद केले. नमुन्यांत फेरफार झाल्याची शक्यता फार मोठी आहे असे नमूद करून त्यांनी वाडा आणि जागतिक ॲथलेटिक्स महासंघावर कडक ताशेरे ओढले. वाडाने आणि उत्तेजकांची प्रकरणे हाताळणाऱ्या महासंघाच्या इंटिग्रिटी युनिटने हे आरोप बेजबाबदार आणि निराधार म्हणून फेटाळले. लघवीतल्या डीएनएच्या प्रमाणावरून फेरफार सिद्ध होत नाही, हे त्यांचे म्हणणे. स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयातही श्वात्सरला दिलासा मिळाला नाही. बंदी जुलै २०२४ पर्यंत चालली. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता ३० जूनला संपली होती. तो तोवर ३९ वर्षांचा झाला होता, आणि ज्या ५० किलोमीटरमध्ये त्याने विक्रम केला ते अंतर टोकियोनंतर ऑलिंपिकमधूनच गेले होते.

दोन निकाल एकमेकांविरुद्ध असूनही दोन्ही कायम कसे राहतात, असे वाचक विचारतील. उत्तर पुराव्याच्या ओझ्यात आहे. क्रीडा नियमांत निषिद्ध द्रव्य शरीरात सापडले की खेळाडू जबाबदार, ते कसे आले हे त्यानेच दाखवायचे. हाताळणीत चूक झाली असे म्हणायचे असेल तर त्या चुकीमुळेच असा निकाल येऊ शकला असता हेही आधी खेळाडूने पटवायचे, मगच पुढचे उत्तर देण्याची जबाबदारी महासंघावर येते. फौजदारी न्यायालयात ओझे सरकारी पक्षावर असते, संशयाचा फायदा आरोपीला. शिवाय पेलिनो यांचा आदेश हा पूर्ण चाललेल्या खटल्याचा निकाल नव्हता, तपासाच्या अखेरीस प्रकरण बंद करणारा आदेश होता. म्हणून ‘श्वात्सर निर्दोष सुटला’ हेही आम्ही लिहिणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की खेळाडूकडून मिलिग्रॅमचा हिशेब मागणाऱ्या यंत्रणेने स्टुटगार्टमधल्या त्या रात्रीचा तासांचा हिशेब दिलेला नाही. बी बाटली ए तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच उघडायची ही पद्धत आम्हांला चुकीची वाटते. निदान वादाच्या प्रकरणांत ती दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत उघडावी, आणि मागितल्यास न्यायालयाला नमुना ठराविक मुदतीत मिळावा.

हे सगळे इटलीपुरते आहे असे समजू नये. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यातले २१३ दोषी निघाले. हे प्रमाण लाजिरवाणे आहे. यातले बहुतेक दोषी खरोखरच दोषी असणार, हे बोलायला आम्हांला संकोच नाही. पूरक आहाराच्या डब्यांतून आणि व्यायामशाळेतल्या ‘रिकव्हरीच्या’ इंजेक्शनांतून काय जाते ते मैदानावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण देशातली वाडाची मान्यता असलेली एकमेव प्रयोगशाळा दिल्लीला आहे. सांगली, नाशिक किंवा गडचिरोलीत घेतलेली बाटली तिथवर जाताना मेच्या उन्हात कुठे, किती तास, किती तापमानात होती, याला महत्त्व आहे. उष्णतेने जिवाणू वाढले की नमुन्यातल्या स्टिरॉइडचे आपसातले प्रमाण बिघडते आणि त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक पेटीत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र आणि प्रत्येक हस्तांतरावर वेळ व सही, याचा खर्च फार नाही. राज्य संघटनेने त्याची मागणी लेखी करावी.

आणि खेळाडूने आपल्या बाजूने काय पाहावे, ते राज्य स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजे. अधिकाऱ्याचे ओळखपत्र मागा, ते दाखवणे त्याचे काम आहे. सोबत प्रशिक्षक किंवा पालक नेण्याचा हक्क आहे, अठरा वर्षांखालच्यांनी तर एकट्याने जाऊच नये. एकच भांडे पुढे केले तर घेऊ नका, निवडीला निदान तीन बंद संच मागा आणि निवडलेल्याचे वेष्टन फाटलेले नाही ना ते बोटाने चाचपा. किमान ९० मिलिलिटर लागते: ६० ए मध्ये, ३० बी मध्ये, आणि भांड्याच्या तळाशी थोडी शिल्लक, घनता पाहण्यासाठी. घनता १.००५ च्या (नमुना १५० मिलिलिटर किंवा अधिक असेल तर १.००३ च्या) खाली आली तर पुन्हा नमुना द्यावा लागतो. शर्यतीनंतर घाबरून दोन-तीन लिटर पाणी रिचवणारी मुले याच कारणाने रात्री उशिरापर्यंत अडकून पडतात. ओतायचे आणि झाकण फिरवायचे काम स्वतःच्या हाताने करा. झाकण पूर्ण बसले की उलटे फिरत नाही, तसे करून पाहा. मग बाटली, झाकण, पेटी आणि फॉर्म या चारही ठिकाणचा क्रमांक मोठ्याने वाचा. गेल्या सात दिवसांत घेतलेली सर्दीची गोळी, काढा, प्रोटीन पावडर, सगळे लिहा. प्रयोगशाळेला जाणाऱ्या प्रतीवर तुमचे नाव नाही ना, आणि गावाच्या नावावरून तुम्ही ओळखू येत नाही ना, ते बघा. खटकलेली प्रत्येक गोष्ट शेऱ्याच्या रकान्यात लिहा. ‘नंतर सांगू’ म्हटलेले लवादापुढे टिकत नाही. तुमची प्रत घेतल्याशिवाय खोली सोडू नका आणि ती दहा वर्षे जपून ठेवा, कारण नमुनाही तेवढी वर्षे पुन्हा तपासता येतो.

ज्यांची नावे नोंदणीकृत चाचणी यादीत आहेत त्यांनी रोजच्या एका तासाचा ठावठिकाणा भरण्यात चालढकल करू नये. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की द्रव्य न सापडताही बंदी येते. टोकियो ऑलिंपिकमध्ये चाललेल्या आपल्या भावना जाटला २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेतून याच कारणाने शर्यतीविना परतावे लागले आणि सोळा महिने बाहेर बसावे लागले. पत्ता बदलला, शिबिर पुढे गेले, मोबाइलला रेंज नव्हती, यातले काहीही सबब म्हणून चालत नाही.

जिल्हा संघटनांना आमची विनंती आहे की वरच्या सूचनांचे एक पान सोप्या मराठीत छापून प्रत्येक स्पर्धेत नमुना-कक्षाच्या दारावर आणि खेळाडूंच्या निवासात लावावे. मजकूर तपासून द्यायला आम्ही विनामूल्य तयार आहोत. आणि आपल्या क्रीडा विभागाला विनंती, की श्वात्सरवर पुन्हा कधी लिहिताना २०१२ ची कबुली, २०१६ चा लवाद आणि २०२१ चा बोल्झानोचा आदेश ही तिन्ही वर्षे बातमीत यावीत.

आपले,
चालण्याच्या शर्यतींचे दोन पंच, पुणे